नुसता आकडा

४ मार्च, सोमवार

आज माझं वेबपान सुरू झालं. सरळ नाचावंसं वाटतंय.

गेल्या वर्षी माझी ऑफिसातली नोकरी गेली तेव्हा दादा म्हणाला होता, कारखान्यात ये आणि पॅकिंगला हात लाव. मी म्हटलं, पॅकिंगला वहिनी आहे, मी तुला प्रोग्राम लिहून देते. त्यावर तो जे हसला ते मी विसरलेले नाही. वर्षभर व्हिडिओ बघून बघून शिकले, आणि आज सकाळी चाकाशेजारच्या प्रिंटरमधून पहिली चिठ्ठी बाहेर पडली तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

कारखाना म्हणजे बाबांनी सुरू केलेली एक लांबट खोली. चष्म्याच्या काचा घासायची चाकं, त्यांच्यावर टपकणारं पाणी, मागच्या बाजूला पॅकिंगचं टेबल. आतापर्यंत चष्म्याची दुकानं फोनवरून नंबर ओरडायची आणि वहिनी एका कानात बोट घालून ते लिहून घ्यायची. आता दुकानदार माझ्या पानावर गिऱ्हाइकाचं नाव, नंबर, फ्रेम लिहितो आणि 'पाठवा' दाबतो. माझा प्रोग्राम हे सगळं एकापुढे एक जोडून एक वेबपत्ता बनवतो, त्या पत्त्यावर कारखान्याचं पान उघडतं आणि चिठ्ठी छापली जाते. इतकं सोपं की मलाच माझं कौतुक वाटलं.

दादाची एकच अट होती. आमच्याकडे चिठ्ठीवर मायनसचं चिन्ह कधी लिहीत नाहीत. चिठ्ठी चाकाजवळ भिजते, आडवी रेघ पुसली जाते, म्हणून बाबांनी नियम घातला होता की नुसता आकडा म्हणजे मायनस आणि प्लस असेल तरच चिन्ह काढायचं, तेही ठसठशीत. मी मायनस गाळायची सोय केली. माझाच नंबर, साडेतीन मायनस, घालून पाहिला. चिठ्ठीवर नुसता साडेतीन आला. दादा म्हणाला, "जमलंय." दादाच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

काकांनी चिठ्ठी हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली. काका आमचे नात्याचे कोणी नाहीत, बाबांबरोबर पहिल्या चाकावर उभे राहिलेले कारागीर आहेत. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून त्यांना त्याच चाकाशी पाहते आहे. म्हणाले, अक्षर वहिनीपेक्षा चांगलं आहे. वहिनीने त्यांना दिवसभर चहा विचारला नाही.

५ मार्च, मंगळवार

बारीकशी कुरबुर. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे दोन साडूंचं दुकान, आम्ही त्यांना जोडीवाले म्हणतो. त्यांच्या पाटीवर दोघांच्या नावांमध्ये ते वेटोळं '&' आहे. चिठ्ठीवर फक्त थोरल्याचं नाव आलं, धाकटा गायब. धाकटे साडू फोनवर फुरंगटले होते. मी सांगितलं, वेटोळ्याऐवजी 'आणि' लिहा. लिहिलं, छापलं, प्रश्न मिटला.

८ मार्च, शुक्रवार

आज घाईवाल्याची तक्रार. कोपऱ्यावरच्या दुकानाचा हा तरुण मालक, याला प्रत्येक चष्मा कालच हवा असतो. त्याने फ्रेमच्या नंबराआधी '#' काढलं आणि त्याच्यापुढचं सगळं चिठ्ठीवरून नाहीसं झालं. मी सांगितलं, ते चौकटीचं चिन्ह काढू नका.

वहिनी काचा कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "याला हे लिहू नका, त्याला ते लिहू नका. फारच नाजूक दिसतंय गं तुझं पान." मी म्हटलं, लोकांनाच शिस्त नाही. तिची भुवई वर गेली. वहिनीची भुवई फार बोलते.

घाईवाल्याचं मात्र नवल वाटतं. तातडीची खूण प्रत्येक दुकानाला आठवड्यातून दोनदाच मिळते, तिसऱ्यांदा तो रकाना पानावर दिसतच नाही. तरी याच्या सगळ्याच चिठ्ठ्यांवर 'तातडी' छापून येतं. माझं मोजणं चुकत असेल. सवड मिळाली की बघेन.

१२ मार्च, मंगळवार

सगळं छान चाललंय. फोनची घंटा जवळजवळ बंद झाली आहे. वहिनी म्हणते, कान इतके रिकामे झालेत की स्वतःचे विचार ऐकू येतात आणि ते काही फार चांगले नाहीत.

काका दुपारी चहा पिताना म्हणाले, आजकाल प्लसचं काम येतच नाही, म्हातारी माणसं वाचायची बंद झाली की काय. मी म्हटलं, काका, आता तरुण मंडळीही आपल्याकडे यायला लागली, ही माझ्या पानाची कृपा. ते नुसतं "असेल" म्हणाले. थोडं कौतुक केलं असतं तर काही बिघडलं नसतं.

१५ मार्च, शुक्रवार

जोडीवाल्यांकडून चष्मे परत आले. सगळे वाचायचे. मागवले प्लस आणि गेले मायनस. एका आजोबांनी म्हणे चष्मा लावून पेपर हातात घेतला आणि दुकानातच खुर्चीत बसले, त्यांना वाटलं आपल्याला काहीतरी झालं. दादाचं डोकं फिरलं होतं. माझ्या पानाचा काही संबंध नाही हे बरं झालं.

१८ मार्च, सोमवार

आजचा दिवस वाईट गेला.

आणखी परत आलेले चष्मे. सगळे काकांच्या चाकावरचे, कारण वाचायच्या काचा तेच घासतात. दादाने त्यांना विचारलं. काका म्हणाले, "चिठ्ठीवर चिन्ह नव्हतं." चिठ्ठ्या काही उरत नाहीत, काम झालं की ओल्या लगद्यासारख्या बादलीत जातात. मग दादा माझ्याकडे वळला. दुकानदाराने 'पाठवा' दाबलं की त्याने लिहिलेलं जसंच्या तसं माझ्याकडे साठवलं जातं. मी सगळ्यांसमोर नोंदी उघडल्या. प्रत्येक नोंदीत प्लस होता, स्वच्छ.

"आहे," मी म्हटलं. "सगळीकडे आहे."

काकांनी त्यांचा जुना चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. मग हळूच म्हणाले, "असेल. मला दिसलं नसेल."

जोडीवाल्यांनी सांगून ठेवलंय की आणखी एक चष्मा उलटा आला तर ते काम दुसरीकडे देतील. त्यांचं काम गेलं तर एक चाक बंदच करावं लागेल. दादाने काकांना चाकावरून काढून पॅकिंगला बसवलं, आणि डोळे तपासून या म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं. दादा स्वतः एप्रन बांधून पहिल्या चाकावर उभा राहिला.

मी खरं तेच सांगितलं. तरी जेवण गेलं नाही.

१९ मार्च, मंगळवार

काका टेबलाशी बसून काचा कागदात गुंडाळतात. चाकाकडे पाठ करून बसतात. वहिनी त्यांच्याशी इतकं गोड बोलतेय की ऐकवत नाही.

२१ मार्च, गुरुवार

काका जोडीवाल्यांकडे जाऊन डोळे तपासून आले. नंबर थोडासा वाढलाय, दुकानाने नव्या चष्म्याची ऑर्डर लगेच आमच्याकडेच पाठवली. दादा म्हणाला, काकांचा चष्मा मीच घासणार. त्याला मनातून लागलंय, पण तोंडाने बोलणार नाही.

काकांनी मला विचारलं, पॅकिंगला माझा उपयोग होतोय का, की उगीच जागा अडवतोय. ज्या माणसाचं बोट धरून दादा चालायला शिकला त्याने मला हे विचारावं. मी काहीतरी हसून बोलले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

२२ मार्च, शुक्रवार

जसं घडलं तसं लिहिते.

दुपारी दादाने चष्मा तयार केला, पुसला आणि काकांना दिला. काकांनी तो नाकावर ठेवलाही नाही. हातभर लांब धरला, काचेतून खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "हा मायनस आहे."

दादा म्हणाला, कसं शक्य आहे. काका म्हणाले, दुकानदाराने मला तोंडाने सांगितलं, प्लस सव्वादोन. वहिनी जवळ आली. तिने काच कागदावर धरली, खालची अक्षरं बारीक झाली. मायनसच.

दादा चाकाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चिठ्ठीवर चिन्ह नव्हतं."

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं. आम्हा सगळ्यांनाच आलं. हे वाक्य सोमवारी दुसऱ्या कोणाचं तरी होतं, आणि दादाचे डोळे काही म्हातारे नाहीत.

मी नोंद उघडली, प्लस सव्वादोन. वहिनीने बादलीत हात घालून वरचीच चिठ्ठी काढली, अजून पुरती भिजली नव्हती. नुसता सव्वादोन, आणि त्याच्याआधी चिन्हापुरती रिकामी जागा. नोंदीत आहे, चिठ्ठीवर नाही. मध्ये काय आहे? मध्ये फक्त माझा पत्ता आहे. मी एकापुढे एक जोडून बनवलेला, ज्याचं मला एवढं कौतुक होतं.

तो पत्ता मी पहिल्यांदा नीट वाचला. वेबपत्त्यात काही चिन्हांना स्वतःची कामं असतात. '&' म्हणजे एक रकाना संपला, दुसरा सुरू झाला. '#' म्हणजे यापुढचं पाठवूच नका. आणि '+' म्हणजे मोकळी जागा. दुकानदार लिहितो प्लस, पत्ता वाचणारं पान त्याला मोकळी जागा समजतं, आणि आमच्याकडे नुसता आकडा म्हणजे मायनस. मराठी अक्षरं ब्राउझर आपल्या आपण सांभाळून नेतो, म्हणून मला वाटलं सगळंच सांभाळून नेत असेल. साडूंचं वेटोळं गेलं, घाईवाल्याची चौकट गेली, दोन्ही वेळा मी त्यांनाच दटावलं. प्लस गेला तेव्हा चिठ्ठीत कोणाला तक्रार करण्यासारखं काही दिसलंच नाही, कारण चिठ्ठी दिसायला अगदी बरोबर होती.

मी उठून काकांसमोर गेले. म्हटलं, "काका, चूक माझी होती. चिन्ह मी खाल्लं, आणि वर सगळ्यांसमोर तुमच्या विरुद्ध बोलले."

त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "नोंदीत होतं ते तू सांगितलंस. त्यात काही चूक नाही. पण मला एकदा विचारायचं होतंस, चिठ्ठी कशी दिसत होती ते."

मला रागावले असते तर मी सोसलं असतं. हे सोसणं जड गेलं.

दादाने पान तिथेच बंद करायला लावलं. वहिनी परत फोनवर. मला दोन दिवस दिलेत.

२३ मार्च, शनिवार

उपाय वाचायला सोपा आहे. दुकानदाराने लिहिलेली कुठलीही गोष्ट पत्त्यात उघडी ठेवायची नाही, एन्कोड करून ठेवायची, म्हणजे कामवाल्या चिन्हांना निरुपद्रवी रूप द्यायचं. प्लसचं होतं '%2B'. पलीकडचं पान ते उलगडून पुन्हा प्लस करतं. वहिनी प्रत्येक काच वेगळ्या कागदात गुंडाळते तसंच काहीसं, नाहीतर काचा एकमेकींना ओरखडे पाडतात.

सकाळी मी उत्साहाच्या भरात अख्खा पत्ताच एन्कोड केला. त्यात पत्त्याच्या स्वतःच्या खुणाही गुंडाळल्या गेल्या आणि पान उघडेचना. ठीक. मग एकेक रकाना वेगळा केला. चिठ्ठी बाहेर आली, काकांनी उचलली आणि मोठ्याने वाचली, "टक्के दोन बी दोन. हा कुठला नंबर, पोरी?" मी एकदा गुंडाळलं होतं आणि पत्ता जोडायला जे तयार साधन घेतलं होतं तेही स्वतः गुंडाळत होतं. दोनदा गुंडाळलेलं ते पलीकडचं पान एकदाच उलगडत होतं. खोलीत सोमवारनंतर पहिल्यांदा कोणीतरी हसलं. काकाच.

माझं गुंडाळणं काढलं, साधनाचं ठेवलं. एकदा, एकाच जागी, प्रत्येक रकान्यासाठी. आणि हाताने जोडलेला एकही तुकडा कुठे शिल्लक ठेवला नाही.

पुन्हा छापलं. +2.25.

मी ओरडले नाही. चिठ्ठी घेऊन दिवसभर चाललेल्या चाकापाशी गेले आणि काकांच्या हातात दिली. त्यांनी जुना चष्मा सरळ केला, चिन्हावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "आहे."

दादाने कमरेचा एप्रन सोडला. तो काही बोलेल म्हणून मी वाट पाहिली, पण त्याला ते जमत नाही, लहानपणापासून जमत नाही. त्याने एप्रन झटकला, काकांच्या मागे जाऊन उभा राहिला आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या कमरेला बांधला. गाठ मारायला त्याला फार वेळ लागला. वहिनी आणि मी उगीचच कागद मोजत होतो.

२५ मार्च, सोमवार

काल सुट्टी असून मी कारखान्यात होते. आता माझाच एक नंबर घालून पाहिला की झालं, यावर माझा विश्वास नाही. डोक्यात येईल ते सगळं वाह्यात लिहून पाठवलं. वेटोळी, चौकटी, टक्के, प्रश्नचिन्हं, तिरप्या रेघा, गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी अख्खा दुसरा वेबपत्ता. वहिनी सुचवत होती आणि तिला त्यात आसुरी आनंद होत होता. जसं लिहिलं तसंच छापून आलं, एक काना-मात्रा इकडची तिकडे नाही. संध्याकाळी वहिनीने हात टेकले. मी तिला चहा करून दिला.

आज पान पुन्हा सुरू केलं आणि जोडीवाल्यांना स्वतः फोन केला. दादा करतो म्हणत होता, मी करू दिला नाही. सांगितलं, दोष कारागिराचा नव्हता, माझ्या प्रोग्रामचा होता, प्रत्येक चष्मा आम्ही नव्याने करून देतो, आणि तुमच्या पाटीवर आहे तसंच नाव आता खुशाल लिहा. थोरले साडू म्हणाले, काचा तेच काका घासणार असतील तर काम कुठे जात नाही. मागून धाकट्यांचा आवाज आला, वेटोळं चालतं का विचार. म्हटलं, चालतं.

घाईवाल्याचं कोडंही सुटलं. सकाळी त्याची चिठ्ठी आली, त्यावर गिऱ्हाइकाचं नाव छापलं होतं: बाळासाहेब&tatdi=ho. म्हणजे हा इतके दिवस पत्त्याकडे बघून शहाणा झाला होता. नावाच्या रकान्यातच '&' घालून तातडीचा रकाना हळूच चिकटवत होता आणि माझा प्रोग्राम मुकाट्याने ऐकत होता. आता ती चलाखी एन्कोड होऊन नावाचाच भाग झाली. वहिनीने फोन उचलला आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, आडनाव असंच लावतात का त्यांच्याकडे. दादा इतका हसला की त्याला भिंतीला धरावं लागलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पान चांगलं केलंयस." या खेपेला मी ते घेतलं. मिळवलंय मी ते.

२७ मार्च, बुधवार

परत आलेला शेवटचा चष्मा आज नव्याने रवाना झाला. सगळे काकांनी स्वतः घासले, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. पेपर घेऊन खुर्चीत बसलेल्या आजोबांचा तर त्यांनी सगळ्यात आधी केला. दुकानाकडून निरोप आला की आजोबांनी लावून पाहिला आणि जाहिरातींसकट पेपर वाचून काढला.

मग काकांनी स्वतःचा चष्मा घासला. लावला, हात पुसले आणि सरळ पॅकिंगच्या टेबलाकडे गेले. पान बंद असताना दादाने फोनवरच्या नंबरांनी घासलेल्या काचा तिथे गुंडाळायच्या राहिल्या होत्या. काकांनी एकेक उचलली, उजेडाला धरली आणि टेबलावर दोन ढीग करायला लागले. दुसरा ढीग वाढत गेला.

दादा म्हणाला, नंबर सगळे बरोबर आहेत, मी मोजलेत.

"नंबर बरोबर आहेत," काका म्हणाले. "कड बघ."

दादाने खडबडीत कड पाहिली आणि त्याचे कान लाल झाले. काकांनी खुंटीवरचा दुसरा एप्रन काढून त्याच्याकडे दिला आणि आपल्या शेजारच्या चाकाकडे मान हलवली. कारखान्याचा मालक मुकाट्याने तिकडे जाऊन उभा राहिला. पाणी सुरू झालं. प्रिंटरमधून प्लसच्या चिठ्ठ्या एकामागून एक पडत होत्या, मी त्या काकांच्या बाजूला लावत होते आणि वहिनी तोंडात पदर कोंबून उभी होती.

दादाने एक काच पुरी केली, धुतली आणि काकांपुढे धरली. काकांनी नव्या चष्म्यातून ती सगळीकडून पाहिली, कडेवरून नख फिरवलं आणि त्याच्या हातात परत दिली.

"अजून," म्हणाले.